मी न उघडलेली नोटीस

मी नोटीस बोलतेय. मला पाहून भलेभले टरकतात. पण खरं सांगू? मीच जरा भित्री आहे. दार जोरात वाजलं तरी माझ्या घड्या थरथरतात.

माझा जन्म कुटुंब न्यायालयातल्या एका करकरणाऱ्या प्रिंटरमध्ये झाला. लिपिकाने शिक्का मारला, माझ्या पाठीला एका बाईच्या अर्जाची प्रत टाचली आणि पत्त्यापुरती पारदर्शक खिडकी असलेल्या पाकिटात मला बंद केलं. जग पाहिलं ते त्या खिडकीतून.

ती बाई टेबलाशीच उभी होती. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती कामाला. नखांत पांढरी भुकटी रुतलेली. नवऱ्याचं घर सोडून, मुलीला घेऊन ती या राज्यात भावाकडे आली, त्याला दोन वर्षं झाली होती. वहिनी वाईट नव्हती. फक्त हल्ली भांडी जरा आपटायची. मायलेकींना वेगळी खोली हवी होती आणि एकटीच्या पगारात ती बसत नव्हती.

"घटस्फोट झालेला नसताना मागायचं तरी कुठल्या तोंडाने?" तिने वकीलबाईंना हळूच विचारलं.

"झाला नाही, म्हणून तर. कागदोपत्री तुम्ही आजही त्यांची बायको आहात, ताई. तुमचा आणि लेकीचा खर्च मागता येतो. आणि तोही इथून. त्यांच्या राज्यात खेटे घालायला नकोत."

बाईने मान हलवली, पण तिला पटलेलं दिसलं नाही.

मग माझा प्रवास. पोत्यातून गाडीत, गाडीतून पुन्हा पोत्यात. शेवटी पोस्टमनच्या पिशवीतून डोकं वर काढलं, तर दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरंच वेगळी. पोस्टमन धापा टाकत तिसरा मजला चढला.

दार नवऱ्यानेच उघडलं. बनियनवर, हातात चहाचा कप. पाकिटावरचं न्यायालयाचं नाव वाचताच त्याचा पुढे आलेला हात मागे गेला. आतून त्याच्या आईने विचारलं, कोण आलंय. जाहिरातवाला आहे, असं त्याने ठोकून दिलं आणि आवाज खाली आणला.

"साहेब घरी नाहीत, असं लिहा."

"साहेब आपणच ना?"

"मग घेत नाही म्हणून लिहा. हातातच घेतली नाही, तर मला लागू कशी होईल?"

पोस्टमनने खिशातलं पेन काढलं. मला भिंतीला पालथी टेकवून त्याने पाठीवर लिहिलं, 'घेण्यास नकार'. तारीख घातली, सही केली.

उंबऱ्यावरूनच माघारी फिरले मी. वाटभर स्वतःचीच लाज वाटत होती.

तारखेच्या दिवशी लिपिकाने मला फाइलमधून काढलं. बंद पाकीट पाहून बाईचा चेहरा उतरला. अर्ज मागे घेऊ या, ती पुटपुटली, त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नाही. लिपिकाने मला फोडायला ब्लेड उचललं आणि माझा जीव खालीवर झाला. वकीलबाईंनी त्याला थांबवलं. मला पालथी करून न्यायाधीशांपुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा सावरत ते दोन शब्द वाचले. "पत्ता बरोबर आहे?"

"हो," बाई म्हणाली. "सहा वर्षं राहिलेय तिथे."

"मग नोटीस मिळाली असंच धरू. दारात आलेली नाकारली, म्हणजे पोचलीच."

पुढच्या तारखेलाही तो आला नाही. दरमहा खर्च द्यायचा अंतरिम आदेश झाला. पैसे हातात पडेपर्यंत अजून झटावं लागेल, असं वकीलबाईंनी बजावलं. बाईने ऐकून घेतलं, आणि तिथेच बाकावर बसून एका घरमालकिणीला फोन लावला.

"खोली ठेवाल का आमच्यासाठी? एक तारखेला येतो. दोघीच आहोत."

आता मी फाइलमध्ये सुतळीने बांधलेली असते. कडा पिवळ्या पडल्यात. तुमच्या दारात माझी एखादी बहीण आली, तर तिला उभ्या उभ्या परत पाठवू नका. घ्या, उघडून वाचा. आत शिव्याशाप नसतात हो. नातं अजून कागदावर आहे, तोवर आमच्याकडे पाठ फिरवू नका, एवढंच कुणीतरी लांबून म्हणत असतं.