गुळगुळीत तारा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि असं समजा की तुमच्या हातात बॉलपेनमधली स्प्रिंग आहे. तिच्यावरून बोट ओढा. कसं खरखरीत लागतं? आता समजा, तीच स्प्रिंग कुणीतरी घासून घासून सपाट केली. पुन्हा बोट ओढा. आता ते न अडकता सरकतं. बेस गिटारच्या, म्हणजे खालचे घुमणारे सूर वाजवणाऱ्या गिटारच्या, तारा अशाच दोन तऱ्हांच्या असतात. एकीला वरून गोल तार गुंडाळलेली असते, दुसरीला चपटी. खरखरीत तारेचा आवाज खणखणीत, गुळगुळीत तारेचा जाड आणि मऊ.

साध्या गिटारच्या दांडीवर जी लाकडी पट्टी असते, तिच्यावर धातूचे आडवे पडदे बसवलेले असतात. बोट दाबलं की तार पडद्याला टेकते आणि सूर आपोआप बरोबर येतो. पण दौंडच्या हौसराव आण्णांच्या ऑर्केस्ट्रातल्या बेसला पडदेच नव्हते. ती वाजवणाऱ्या मेहमूदनं ते पकडीनं उपटून काढले होते, खाचा बुजवल्या होत्या आणि पट्टी एकसारखी काळीभोर करून टाकली होती. बोट कुठं ठेवायचं ते फक्त कानाला कळायचं.

पुढे मेहमूदच्या डाव्या हातावरून वारं गेलं, हात लुळा पडला. आता तो ऑर्केस्ट्राच्या वायरी गुंडाळायचा, आणि सराव संपला की बारा वर्षांच्या मेहकला, म्हणजे आपल्या मुलीला, त्याच गिटारवर शिकवायचा. तो सूर गायचा, ती बोट सरकवत तो शोधायची.

निमोण्याच्या जत्रेचा कार्यक्रम ठरला तेव्हा गिटारच्या जुन्या तारा गंजून गेल्या होत्या. आण्णांनी पुण्याहून तारांची दोन पाकिटं आणली आणि सरावाच्या खोलीत सगळ्यांसमोर मेहकला हाक मारली.

"ह्यातल्या कंच्या लावायच्या ते सांग. बरोबर सांगितलंस तर निमोण्याला जागा तुझी. चुकलीस तर बापासंगं वायरी गुंडाळ."

मेहकला दुसरं काही नकोच होतं. स्टेजवरची अब्बांची रिकामी जागा, तेवढीच हवी होती.

ऑक्टोपॅड वाजवणारा भिमाजी हसला. "आण्णा, बांगड्या आणायच्या ना! पटदिशी निवडल्या असत्या तिनं."

मेहकनं दोन्ही पाकिटांतल्या तारांवरून अंगठा फिरवला.

"ह्या. गुळगुळीत."

"का गं? त्या दुसऱ्या कशा खणखण वाजत्यात!"

"वाजत्यात. पण हितं पडदा न्हाई, आण्णा. तार लाकडावरच घासती. खरखरीत तार म्हंजी कानसच. पट्टीला चरे पडतील."

आण्णांनी जरा विचार केला. "आन् पट्टीवर काही रंगवलं असंल, तर?"

"खरवडून निघंल की."

"गुळगुळीत तारंनं?"

"लवकर न्हाई निघायचं."

"शाबास! बरोबर निवडल्यास!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहमूदनं डोळे पुसले. मेहकनं एकेक तार ओवली, खुंटी पिळली, कीबोर्डच्या सुराशी लावून घेतली. जाड तार ताणताना तिच्या बोटांवर लाल वळ उठले. शेवटची तार सुरात आली तशी आण्णांनी दाराकडं पाहून हाक मारली, "सार्थक, ये रं."

शिरूरहून आलेला आण्णांचा भाचा आत आला. तो कॉलेजच्या गॅदरिंगला साधी गिटार वाजवायचा. आण्णांनी मेहकच्या मांडीवरची बेस उचलून त्याच्या गळ्यात घातली.

"आण्णा, जागा मला म्हणला व्हता," मेहक म्हणाली.

"मग दिली की! स्टेजच्या खाली, शिडीपाशी. तार उतरली की सूर लावून द्यायचा."

भिमाजीनं ऑक्टोपॅडवर एक थाप मारली. सगळे खो-खो हसले.

मेहमूद पुढं आला. "आण्णा, पोरीला शब्द दिलाय तुम्ही."

"तुझा हात गेला, मेहमूद. आता पोरीचा हात लावतोस व्हय जोडून?"

मेहमूदनं खाली बसून वायर गुंडाळायला घेतली.

इकडं सार्थक काळ्या पट्टीवर चाचपडत होता. दाबेल तिथं सूर वाकडा यायचा. "मामा, कुठं दाबायचं तेच कळंना."

आण्णांनी खिशातून व्हाइटनरची बाटली काढली. "म्हणून तर तारांचं इचारलं हिला. मेहक, कुठं दाबायचं तिथं पांढऱ्या रेघा मार. तू कानानं वाजवतीस, ह्यो डोळ्यानं वाजवंल. आता ह्या तारांनी रेघाबी पुसायच्या न्हाईत."

मेहक सार्थकच्या गुडघ्यापाशी बसली. तिनं पट्टीवर बोट सरकवलं, तार छेडली. सूर नेमका लागला. मग तिनं बोट उचललं आणि त्या जागेपासून तांदळाच्या दाण्याएवढी मागं, खुंट्यांच्या बाजूला, रेघ ओढली. रेघ वाळू दिली.

"दाब हितं," ती सार्थकला म्हणाली.

त्यानं दाबलं. सूर किंचित उतरलेला आला. एकट्यानं वाजवताना एवढं खपून जातं. पण सगळी वाद्यं एकत्र वाजायला लागली की बाकीचेसुद्धा बेसूर वाटतात. त्या खोलीत हे दोघांनाच कळलं.

"बरोबर हाय का रं, मेहमूद?" आण्णांनी विचारलं.

मेहमूदनं मान वर केली. आधी रेघेकडं पाहिलं, मग पोरीकडं.

"व्हय आण्णा," तो म्हणाला. "अशाच मारू द्या सगळ्या."

मेहकनं ब्रश बाटलीत बुडवला आणि दुसरी रेघ ओढली.