विचारलं तेवढंच

फॉर्म भरण्यात अतुलचा हात धरणारा अख्ख्या एडिसन गावात कुणी नव्हता. व्हिसाचे, ग्रीन कार्डाचे, पोरीच्या शाळेचे मिळून चौदा वर्षांत त्याने इतके फॉर्म भरले होते, की मित्र आपापले कागद घेऊन त्याच्याकडे यायचे. अगदी सुरुवातीला कंपनीच्या वकिलाने त्याला बजावलं होतं, विचारलं असेल तेवढंच लिहायचं, वर एक अक्षर नाही. बिचाऱ्या वकिलाने ते व्हिसापुरतं सांगितलं होतं. अतुलने ते जन्माचं धरून ठेवलं.

तर हा अतुल जानेवारीतल्या एका शनिवारी आपल्या बारा वर्षांच्या नैनाला घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या एका स्की रिसॉर्टवर आला होता. वर्गातल्या सगळ्यांनी स्की केलं, फक्त मीच नाही, म्हणून तिने दिवाळीपासून घर डोक्यावर घेतलं होतं. नैना दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मली होती आणि तिचा डावा पाय तेव्हापासून आखडलेला होता. बुटात प्लास्टिकचा आधार घालून ती चालायची, किंचित लंगडायची.

रिसॉर्टच्या वेबसाइटवर क्लासेसची ही भलीमोठी यादी होती. चिमुरड्यांचे वेगळे, स्नोबोर्डवाल्यांचे वेगळे, फक्त बायकांचे, पन्नाशीपुढच्यांचे, कधीच बर्फावर उभे न राहिलेल्यांचे. सगळ्यात खाली, शरीराची काही अडचण असलेल्यांसाठी एक होता.

"हाच घे ना यार. आणि फॉर्मात पायाचं लिहून टाक," त्याची बायको प्रीता म्हणाली होती.

"तो रकाना ऑप्शनल आहे," असं म्हणून अतुलने तो रिकामा ठेवला आणि नैनाला साध्या नवशिक्यांत घातलं. त्याला तिची लाज वाटत होती असं कुणी समजू नये. त्याला भीती वाटायची. एकदा कागदावर आलं की ते पोरीच्या जन्माला चिकटणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

क्लासमध्ये पहिलाच धडा थांबायचा होता. दोन्ही पाय आत वळवायचे, स्कीची पुढची टोकं जवळ आणायची. नैनाचा उजवा पाय वळला, डावा काही वळेना. ती पडली. उठली, पुन्हा पडली. चौथ्यांदा पडल्यावर शिकवणाऱ्या मुलीने तिला हात देऊन कडेला आणलं आणि अतुलला विचारलं, "आम्हाला माहीत असावं असं काही आहे का?"

"नो, नो. शी इज फाइन. जस्ट टायर्ड," अतुल म्हणाला.

नैना नुसती बापाकडे बघत राहिली. त्या मुलीच्या मात्र काय ते लक्षात आलं असावं. तिने दोघांना आतल्या एका टेबलापाशी नेऊन बसवलं. तिथे लॉरेन नावाची पिकल्या केसांची बाई होती. यादीतला तो शेवटचा क्लास हीच चालवायची. तिने नैनाशी हात मिळवला, तिच्या चालण्याकडे सरळ पाहिलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला. अतुलने सवयीने पेन काढलं.

फॉर्ममध्ये विचारलं होतं, कुठे दुखतं का? अतुलने झटकन लिहिलं, नाही.

"बाबा, दॅट्स नॉट ट्रू," नैना हळूच म्हणाली.

"काय?"

"दुखतो. सिन्स सप्टेंबर. एव्हरी डे, शाळेतून आल्यावर."

अतुलने पेन खाली ठेवलं. "मला का नाही सांगितलंस, बाळा?"

"यू नेव्हर आस्क्ड," नैना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती आपली घरातला नियम सांगत होती. "अँड यू ऑलवेज से, विचारलं तेवढंच सांगायचं."

लॉरेनला मराठी कळत नव्हतं, पण मधल्या इंग्रजीवरून काय ते ओळखून ती उठून गेली आणि बराच वेळ कॉफीच्या मशीनशी घुटमळत राहिली. अतुलने 'नाही' खोडलं. मग तो एकेक विचारत गेला आणि नैना सांगत गेली. जिन्यावर दुखतो. थंडीत जास्त. नव्या आधाराची कड टाचेवर घासते. जिमच्या तासाला ती खोटंच पोट दुखतंय म्हणते. रकाना भरला तेव्हा त्याने कागद उलटा करून मागे लिहिलं. इतकी वर्षं फॉर्म भरले, पण असं गिचमिड अक्षर त्याचं कधी आलं नव्हतं.

तासाभराने नैना पुन्हा उतारावर उभी होती. पायात सैल, मोठा बूट, हातांत टोकाला छोट्या स्की लावलेल्या दोन काठ्या, आणि कमरेच्या पट्ट्याची दोरी धरून मागे लॉरेन. अतुल खाली थांबला होता. नैना निघाली, डुगडुगली, सावरली. अर्ध्यावर आल्यावर तिने एकदम काठी वर केली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "स्टॉप! माय लेग हर्ट्स!"

आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. लॉरेनने दोरी ओढून तिला थांबवलं, गुडघ्यावर बसून बुटाची पकड सैल केली. कुणी न विचारता ठोकलेली ती आरोळी ऐकून अतुलला इतकं बरं वाटलं, की तो बर्फात तिथेच फतकल मारून बसला आणि रडायला लागला.

नैना हळूहळू खाली आली, त्याच्यापुढे थांबली. "बाबा? आर यू ओके?"

"येस, येस. आय ॲम फाइन," अतुल म्हणाला. मग त्याने हातमोज्याने नाक पुसलं.

"नाही गं," तो म्हणाला. "फार घाबरलोय. तू जन्मलीस ना, तेव्हापासून."

नैनाने दोन्ही काठ्या बर्फात टाकल्या आणि ती कशीबशी त्याच्याशेजारी बसली.