बाभळीच्या बाकावरचा काळा हात

कार्तिकातल्या सकाळी शामसुंदररावांच्या बागेत अर्धी कॉलनी लोटली होती. गंगापूर रोडला एवढी गर्दी नव्या डोसेवाल्यापुढेही कधी झाली नसेल. बागेतल्या बाभळीच्या बाकावर म्हणे देवी निवाडा करत होती.

गुलाब वाळले म्हणून चिमाजीबुवांना बोलावलं होतं. बुवांनी गुलाबांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी फर्मान निघालं, की बाक घासपेपरने कोरा करा आणि यंदा तेलाचा थेंब लावू नका, तेलाने देवीचे डोळे मिटतात. आज त्यांनी एकेकाचे हात तीर्थाने धुऊन पंजा बाकावर टेकवायला लावला. सगळ्यांच्या पंजांचे ओले ठसे वाळून गेले. नव्या सुनेचा, मंजुषाचा ठसा मात्र बघता बघता शाईसारखा काळा पडला.

"या हाताने पाणी घातलं की झाडच काय, वंशही वाळतो," बुवा म्हणाले. "अमावास्येच्या आत माहेरी पोचवा."

मंजुषा नुसती पदराला हात पुसत राहिली. सासरे शामसुंदरराव बँकेतले मोठे साहेब. त्यांनी लगेच तिच्या माहेरच्या, देवळ्याच्या एसटीची चौकशी केली. मुलगा चपलेकडे बघत उभा राहिला.

बुवांची भिस्त होती सासूबाईंवर. अनसूयाबाई म्हणजे कार्तिकस्नान, एकादशी, तुळशीचा दिवा, एकही नेम न चुकणाऱ्या. पण बाई आपल्याच बोटांकडे बघत होत्या. पहाटे नैवेद्याचे आवळे जुन्या लोखंडी विळीवर चिरले होते, बोटं अजून काळी होती. मग त्यांची नजर बुवांच्या लोट्यांवर गेली. साऱ्या गावाला तीर्थ तांब्याच्या लोट्यातून, आणि सुनेला गंजक्या लोखंडी लोट्यातून.

त्या हात जोडून पुढे झाल्या. "महाराज, तुमची पाद्यपूजा राहिली की."

बुवा खुलले. पण बाईंनी लोखंडी लोटा उचलताच त्यांचा पाय मागे आला. ते तीर्थ उग्र आहे, म्हणाले.

"तुमच्यापुढे कसलं उग्र?" बाईंनी पाय धुतले. "आता बाकावर उभे राहा. पाऊल उमटलं की रोज पूजीन."

लोकांनी जयजयकार केला. जयजयकारातून बुवाला पळता येत नाही. चढले बिचारे.

थोड्याच वेळात बाकावर दोन पावलं उमटली. काळीकुट्ट, अंगठ्यासकट.

हारवाल्या कुसाबाईने झेंडूची पाटी खाली ठेवली. "लयच काळं हाय वो महाराज. आता तुमचं माहेर कुठं?"

हशा ओसरेपर्यंत बाईंनी बुवांच्याच टोपलीतलं लिंबू कापून डागावर चोळलं. पंजाही फिकटला, पावलंही. त्यांनी सगळ्यांना आपली बोटं दाखवली. आवळ्यात तुरट रस असतो, तसाच बाभळीच्या लाकडात; लोखंडाचं पाणी लागलं की तो काळा पडतो, लिंबाने निघतो. तेल प्यालेल्या लाकडात पाणी मुरत नाही, म्हणून देवीचे डोळे मिटत होते. कुसाबाईने गुलाबाचं मूळ उकरलं, तर आत वाळवी. बुवा लोटे तिथेच टाकून फाटकाबाहेर पडले होते.

बाईंनी जवसाचं तेल आणि फडकं आणून मंजुषाच्या हातात दिलं. "तूच लाव. लाकडाच्या रेषेरेषेने चोळ, जास्तीचं पुसून घे."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. आवाज नेहमीचाच, हळू.

"देवाचं नाव मी रोज घेते, घेतच राहीन. पण त्या नावावर कुणी घरातलं माणूस मागितलं, तर एसटीची वेळ विचारू नका. आधी त्याचा लोटा बघा."