बाबांच्या शर्टाची टिचबटणं

सलाईन लावायच्या आधी डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, "काका, शर्टाची बटणं लावता येतात ना?"

"शिंप्याला विचारताय होय?" बाबा छाती पुढे काढायचे. वरपासून खालपर्यंत सगळी बटणं जागच्या जागी. बाई हसायच्या आणि औषध सुरू करायला सांगायच्या.

बाबांच्या आतड्याचा कॅन्सर सापडला तेव्हाच तो यकृतात पोचला होता. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. बरा होणार नाही, आयुष्य लांबवता येईल, म्हणाल्या. सलाईनमधल्या औषधानं बोटं बधिर होतात, तसं वाटलं तर लगेच सांगायचं. सोबत गोळ्या होत्याच. एवढ्या सगळ्यातून बाबांनी नेमकं उचललं ते एवढंच, की बोटं गेली तर औषध बंद. औषध बंद म्हणजे खेळ खलास.

मी त्यांची थोरली मुलगी. तोंडानं फटकळ, घरातलं कुणीही सांगेल. दवाखान्यात मीच बरोबर जायचे, गोळ्या चुकल्या की आरडाओरडा मीच करायचे. तरी आई-बाबा दोघांनी माझ्या डोळ्यांत सरळ धूळ फेकली.

एका दुपारी डबा घेऊन बाबांच्या शिलाईच्या दुकानात गेले तर करपल्याचा वास.

"बाबा, कापड जळतंय!"

"कुठाय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

कापड नव्हतं. त्यांचा डावा तळहात तापलेल्या इस्त्रीला टेकलेला होता.

मी हात ओढून नळाखाली धरला. बाही ओली झाली म्हणून शर्ट उघडायला गेले, तर एका हिसक्यात सगळा शर्ट टकटक करत उघडला. काजं शिवून बुजवलेली, वर नुसती शोभेची बटणं, आणि खाली टिचबटणं. तळव्यानं दाबली की झालं. टाके आईचे होते. दुकानातली काजं आयुष्यभर तिनंच केली. काम इतकं सुबक होतं की रागानं मला रडू फुटलं.

"तुझा हात तरी कसा धजला गं?" घरी येऊन मी आईवर ओरडले.

"नव्हता धजत. पहिल्या शर्टाचे टाके उसवून परत घातले," आई म्हणाली. "त्यांना जगायचं होतं. मला दुसरं काय येतं?"



दुसऱ्या दिवशी तिघंही बाईंसमोर बसलो. मी सगळं सांगून टाकलं. बाबा शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखे खाली बघत होते. बाईंनी त्यांच्या बोटांवर कापूस फिरवला, मग टाचणी टोचून बघितली. बाबांना यातलं काहीच जाणवलं नाही.

"काका, हे औषध मी केव्हाच कमी केलं असतं. वेळ पडली तर बंदही," बाई म्हणाल्या. "गोळ्या चालूच राहिल्या असत्या. तुमच्या वयाच्या पुष्कळ पेशंटांना आम्ही तसंच करतो."

"मग मी लवकर गेलो नसतो?"

"त्यानं फारसा फरक पडला नसता."

आईनं डोळे मिटून घेतले. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला तो त्या औषधाचा, आजाराचा, आणि आम्हाला दोन वाक्यं जास्त न सांगणाऱ्या या बाईंचासुद्धा.

"बोटं परत येतील?" बाबांनी विचारलं.

"थोडीफार, कदाचित. बारीक काम होईल असं मी सांगणार नाही." मग बाईंनी नव्या स्कॅनचा रिपोर्ट पुढे ओढला. त्यांचा आवाज जरा उजळला. "पण गाठी आटोक्यात आहेत. सलाईन आजपासून बंद, गोळ्यांवर राहू. अजून वर्षभर निघेल, जास्तही."

ही बातमी ऐकायला आम्ही देवासमोर काय काय बोललो होतो!

"वर्षभर," बाबा म्हणाले. "आणि करू काय मी वर्षभर?"

आईनं त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, घट्ट दाबला. बाबा उत्तरासाठी बाईंकडेच बघत राहिले. तिनं हात धरलाय, हे त्यांना कळलंच नव्हतं.