अक्कम्माचा डावा हात

मी कोयता बोलतोय, पण अभिमानानं सांगावं असं माझ्याकडे काही उरलेलं नाही. करजगीच्या लोहारानं मला घडवलं आणि अक्कम्मानं ऊस तोडायला विकत घेतलं. ती विधवा, दीड एकराची धनीण. तिच्या उजव्या हातात मी, डाव्यात उसाचं धाट. धार लावली की ती मला अंगठ्यानं चाचपायची, ते मला फार आवडायचं.

तिचा दीर बसलिंगप्पा याला ते रान हवं होतं. एका सकाळी बांधावर भांडण पेटलं. त्यानं तिला लाथ घालून पाडलं, मला तिच्याच हातातून हिसकावलं आणि तिच्या गळ्यावर चालवलं. तिनं डावा हात आडवा घातला. हाडाला लागल्यावर तरी मी बोथट व्हायला हवं होतं! पण परवाच तिनं मला धार लावलेली. मनगटापासून हात तुटून सरीत पडला. दुसऱ्या वारानं गळ्यातला शिवदोरा तुटला आणि त्याला बांधलेलं, तिच्या रोजच्या पूजेचं इष्टलिंग मातीत गेलं. रक्ताच्या चिळकांड्या उडत असताना ती बाई तुटका हात सोडून मातीत लिंग शोधत होती. तो मला तिसऱ्यांदा उगारणार, तेवढ्यात शेजारच्या रानातल्या माणसांनी त्याला धरलं.

मग मी पुरावा झालो. चिठ्ठी बांधून तीन वर्षं पोत्यात पडलो, तिच्या रक्तानं गंजलो. कोर्टात तिनं मला ओळखलं, तेव्हा तोंड लपवावंसं वाटलं.

बसलिंगप्पाला सक्तमजुरी झाली, वर मोठा दंड. त्या दंडातून कृत्रिम हात बसवून मिळेल, असं वकीलबाई दानेश्वरींनी अक्कम्माला समजावलं.

"नको अक्का," अक्कम्मा वकीलबाईंना म्हणाली. "डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करतो आमी. त्याच्या पैशाच्या हातावर लिंग कसं ठेवू?"

पोलिसांच्या मधून बसलिंगप्पा हसला. "एका हाताची बाई तू, ऊस कसा तोडतीस? रान इकून टाक."

अक्कम्मा वकीलबाईंकडं वळून म्हणाली, "लिहून घ्या अक्का, हात पायजे मला. लिंग उजव्या हातावर घेईन. ह्याच्या पैशाच्या हातानं ऊस धरीन. सुटून यील तवा बघू दे ह्याला."

बसलिंगप्पाचं हसू मावळलं.

आता मला मोडून टाकायचा हुकूम निघालाय. मी जिवाची भीक मागत नाही, माझे खुशाल तुकडे करा. एवढंच सांगतो जजसाहेब, तो दंड नुसता निकालाच्या कागदावर ठेवू नका, वसूल करा. कोयता तिला दुसरा मिळेल. धाट धरायला हात लागतो.