सोयीचा उजेड

आमच्या चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष विजेच्या सामानाचे ठोक व्यापारी. त्यामुळे उजेड हा विषय आपल्याला देवापेक्षा थोडा जास्त कळतो, अशी त्यांची नम्र समजूत आहे. यंदा त्यांच्या गोदामात बॅटरीच्या मेणबत्त्या पडून होत्या. न खपणारा माल माणसाला दानशूर करतो. त्यांनी त्या चर्चला अर्पण केल्या.

आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळची जुनी रीत अशी: सगळे दिवे घालवायचे, वेदीवर एकच मेणबत्ती पेटवायची आणि तिची ज्योत बाकाबाकावरून पुढे सरकू द्यायची. शेजाऱ्याने दिली तरच आपली पेटते. या रीतीवर सुताराच्या विधवेने वर्षभर डोळा ठेवला होता.

तिचे दोन्ही मुलगे सुतार. बापाचं रंधा मारायचं टेबल कुणी घ्यायचं यावरून त्यांचं बिनसलं आणि अखेर न्याय म्हणून त्यांनी ते मधोमध कापलं. काप सुरेख झाला; बापाला अभिमान वाटला असता. दोन पाय थोरल्याकडे, दोन धाकट्याकडे. तेव्हापासून दोन्ही अर्धुकं आपापल्या भिंतीला टेकून उभी आहेत आणि भावाभावांत शब्द नाही. म्हातारीचा बेत साधा होता. दोघांना शेजारी बसवायचं. थोरल्याला धाकट्याकडे मेणबत्ती झुकवावीच लागेल. वीतभर झुकला की पुढचं देव बघून घेईल.

दारातच अध्यक्षांनी तिच्या हातात प्लॅस्टिकची मेणबत्ती ठेवली.

"बटण दाबा, मावशी. पेटली! काडी नको, मेण नको, शेजाऱ्याकडे मान वळवायला नको."

"मग दुसऱ्याकडून घ्यायचं काय?"

"काहीच नाही! तीच तर सोय."

म्हातारीने पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी छताकडे पाहिलं. आमचे पाळक भले गृहस्थ. इतके भले, की अध्यक्षांना विचारल्याशिवाय देवाचंही म्हणणं पुढे रेटत नाहीत.

"यंदा असं करून बघू या, मावशी," ते म्हणाले. "भावना महत्त्वाची."

"बरं. पोरांच्याही माझ्याकडेच द्या."

खांबाआड जाऊन तिने एका मेणबत्तीच्या बुडाचं झाकण उघडलं, सेल काढून पिशवीत टाकले आणि झाकण जागच्या जागी बसवलं. ती मेणबत्ती थोरल्याच्या हातात गेली, चांगली धाकट्याच्या.

दोघांच्या मध्ये ती बसली खरी. पण दिवे जायच्या जरा आधी तिचा गुडघा आखडला. "सरका रे, मला कडेला पाय पसरू दे." दोघे सरकले आणि दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखे समोर बघत राहिले.

दिवे गेले. पाळक म्हणाले, अंधार कितीही दाटला तरी या उजेडाला तो गिळू शकला नाही. अध्यक्ष म्हणाले, "एक, दोन, तीन!" आणि कुणाचा कुणाशी काडीचा संबंध न येता सगळं चर्च दुकानाच्या काचेसारखं उजळलं.

एक जागा काळी राहिली. थोरल्याने बटण दाबलं, मेणबत्ती हलवली, गुडघ्यावर आपटली.

"कुणाची बंद आहे?" अध्यक्ष पुढून ओरडले. "बटण दाबा, बटण!"

"दाबतोय की! फुकटची आहे, मनावर घेत नाही."

धाकट्याला हसू फुटलं. ते त्याने खोकल्यात दडवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग त्याने स्वतःची मेणबत्ती भावाच्या हातात कोंबली.

"घे, दादा."

"आणि तू अंधारात गीत कसं वाचणार?"

"मला पाठ आहे."

"तुला? जन्मात एक कडवं आलं नाही तुला." थोरल्याने गीतांचं पुस्तक दोघांच्या मध्ये सरकवलं आणि मेणबत्ती वर धरली.

गीत संपल्यावर अध्यक्ष दुसरी मेणबत्ती घेऊन धावत आले. "ही घ्या, भरपूर आहेत."

"नको," दोघे एकदम म्हणाले.

अध्यक्ष दुखावून गेले. जरा वेळाने थोरला पुस्तकाकडे बघतच म्हणाला, "तुझ्याकडचे दोन पाय शाबूत आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय?"

"उद्या दुपारी घेऊन ये. सांधू या. जोड मात्र दिसणार."

"दिसणारच. कापताना तू तिरका गेलास."

"मी? तिरका? करवत कुणाच्या हातात होती?"

शेवटची प्रार्थना सुरू झाली तरी दोघांचं चालूच होतं. पुढच्या बाकावरून कुणीतरी शुकशुक केलं. म्हातारीने पिशवीतले सेल चाचपले आणि सगळ्यांच्या आधीच आमेन म्हणून टाकलं.