काकडं न कळणारी सून

धसईच्या बाजारातून ताराबाईची शेवळं काकडांशिवाय घेऊन जाईल, असं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. शेवळं म्हणजे जेठात रानात उगवणारे कोंब. चवीला मटण मागं पडेल, पण नुसती शिजवली तर घशाला अशी खाजतात की माणूस पाणी पाणी करतो. त्यावर उतारा एकच, काकडाची आंबट हिरवी फळं. ती ठेचून त्यांचा रस भाजीत घालायचा. म्हणून ताराबाई प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं द्यायचीच. एखादी शहरातली बाई "ही फळं नकोत" म्हणाली, तर ताराबाई तिच्या पिशवीतून जुडीच परत काढून घ्यायची.

"माजं नाव खराब करायला देतंय व्हय?" एवढंच म्हणायची. चाळीस वर्षं त्या बाजारात तिनं हेच एक नाव कमावलं होतं.

त्या नावाची वेबसाइट करायची कल्पना सून भावनाची. कल्याणला कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीनं, कुणालीनं, ती बनवून दिली. 'ताराबाईची रानभाजी'. वर सासूचा फोटो, हातात जुडी. ताराबाई फोटोत हसायला तयार नव्हती. "दात नायत माजे," म्हणत होती. भावनानं गुदगुल्या करून तिला हसवलं, आणि तसा तो फोटो आला. फार गोड आला. गेल्या वर्षी डोंबिवली-ठाण्याहून बऱ्यापैकी फोन आले, आणि भावनाला हाव सुटली.

चैत्रात एका कंपनीतून विवान सरांचा फोन आला. तुमची वेबसाइट गुगलवर एक नंबरला आणतो, लेखी गॅरंटी. कुणालीनं ऐकलं आणि ती उडालीच.

"काकी, गुगलचा पहिला नंबर कोणाच्या बापाच्या हातात नसतो. गॅरंटी देतो तोच फसवणारा. कंपनीचा पत्ता विचार, आधी कोणाचं काम केलंय त्यांना फोन लाव. आणि पासवर्ड तर मेलीस तरी देऊ नको."

कालची शेंबडी पोर आपल्याला अक्कल शिकवतेय, हे भावनाला झोंबलं. त्यात विवान सर तिला 'मॅडम' म्हणत होते. लग्न होऊन या गावात आल्यापासून भावनाला कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. तिनं पत्ता विचारला नाही. वर्षाचे पैसे आधीच भरले आणि पासवर्ड देऊन मोकळी झाली. 'साइट आमच्याकडे वळवून घेतो, तरच वर चढेल,' असं सर म्हणाले, तेव्हा फोनवर आलेले ओटीपीचे आकडेही वाचून दाखवले.

आठ दिवसांनी तिनं आपल्या फोनवर 'ताराबाईची रानभाजी' असं टाकलं, तर खरंच पहिला नंबर! पिठाच्या गिरणीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत तिनं तो सगळ्यांना दाखवला. अगं बाई, स्वतःचं पूर्ण नाव टाकल्यावर दुसऱ्या कोणाचं येणार? आणि रोज दहा वेळा तेच उघडणाऱ्या फोनला तिची आवड कळणार नाही? पण हे तिला सांगणार कोण? कुणालीशी तर तिनं अबोला धरला होता.

जेठ लागला, रान शेवळांनी भरलं, आणि भावनाचा फोन मात्र मुका. विवान सर म्हणाले, "गुगलला सहा महिने लागतात, मॅडम." तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मग एका बाजाराच्या दिवशी, भावना सासूशेजारी बसलेली असताना, सकाळी अकराच्या सुमारास, एक बाई माणसं ढकलत टोपल्यांच्या रांगेत शिरली आणि ताराबाईसमोर येऊन थांबली. हातातल्या फोनकडे पाहिलं, ताराबाईकडे पाहिलं.

"ह्याच! ह्याच त्या!" ती ओरडली. "माझे सासरे दवाखान्यात आहेत. घसा सुजलाय, श्वास घेता येत नव्हता. काय विष विकता हो तुम्ही?"

अख्खा बाजार वळून बघायला लागला. ताराबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

बाईचं नाव अनिता. मूळची नागपूरकडची, आता डोंबिवलीत. शेवळं जन्मात खाल्ली नव्हती. तिनं पिशवीतून साइटवरून मागवलेलं पाकीट काढून टोपलीवर आपटलं. पाकिटावर ताराबाई हसत होती.

ताराबाईनं पाकीट उलटं केलं, झटकलं, आत हात घालून चाचपलं.

"काकडं कुठंयत?"

"कसली काकडं?"

"ह्ये माजं नाय," ताराबाई म्हणाली. "भावना, ह्ये माजं नाय गो. मी काकडांबिगर कवा दिलीत?"

भावनानं अनिताच्या फोनवरची साइट पाहिली. साइट तिचीच, फोटो तोच, पत्ता धसईचा. खालचा नंबर मात्र तिचा नव्हता; रोज साइट उघडूनही तिचं लक्ष तिथवर गेलं नव्हतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. फोन लागला, अनितानं आवाज मोठा केला.

"नमस्कार, ताराबाईची रानभाजी," पलीकडे एक मुलगी लाडात म्हणाली. "मी त्यांची सून, भावना बोलतेय."

भावनाच्या अंगावर सरसरून काटा आला. ताराबाई वाकली आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "सूनबाई, पाकिटात काकडं घातलीस का गो?"

"काकडी? सॉरी आजी, आपण काकडी नाही विकत. फक्त रानभाज्या."

एवढ्या माणसांत एकही हसलं नाही. अनितानं फोन बंद केला आणि मटकन खाली बसली. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही.

दीड महिन्याचा अबोला मोडून भावनानं कुणालीला फोन लावला. कुणाली एका शब्दानं टोचून बोलली नाही, त्याचंच भावनाला रडू आलं.

"काकी, साइट त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतलीय. आपल्याला आत जाताच येत नाय. तू आजीला घेऊन मुरबाडला पोलिसांत जा, आत्ताच्या आत्ता. आणि त्या ताईंच्या फोनवर नुसतं 'शेवळं' टाकून बघ. आपलं नाव नको टाकू."

भावनानं टाकलं. सगळ्यात वर, पहिल्या नंबरला, ताराबाई. विवान सरांनी शब्द पाळला होता. उन्हाळाभर भावनानं ज्याचं स्वप्न पाहिलं, ते परक्या बाईच्या फोनवर असं समोर आलं. आज किती घरांत हे पाकीट फुटत असेल?

ताराबाईनं टोपलीतली काकडं ओंजळभर घेऊन अनिताच्या पदरात घातली. काही उपयोग नव्हता त्यांचा आता. मग तिनं फोनच्या पडद्याकडे बोट केलं.

"सगला बाजार बघतोय. तेवडं माजं हसनं तरी बंद कर गो."

भावनानं फोन हातात घेतला. ते हसू तिनंच गुदगुल्या करून काढलं होतं, पण ते बंद करायचा पासवर्ड आता तिच्याकडे नव्हता.